एकच कंपनी, तीन यजमान

जानेवारी २०२५मध्ये एका कंपनीकडून आमच्या खात्यात ९४,४०० रुपये यायचे होते. आले ६५,४००. त्याच आठवड्यात त्याच कंपनीच्या अकाउंट्स विभागाचा मेल आला, की ऑगस्टच्या कार्यक्रमाच्या बिलातले २७,००० रुपये रोखून ठेवले आहेत आणि बिल दुरुस्त होईपर्यंत ते सुटणार नाहीत. मी पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या एका मंगल कार्यालयाचं बुकिंग आणि हिशेब बघते. या दोन रकमांचा माग काढता काढता मी बिलांवरून ग्राहकांच्या नोंदींवर येऊन थांबले. गाठ तिथेच होती. ती सोडवायला पुढचे चार-पाच महिने गेले, त्याची ही हकिगत. आमच्यासारखी कार्यालयं आणि लॉन्स कंपन्यांच्या कार्यक्रमांकडे वळताहेत, त्यांच्या कामी येईल म्हणून तपशिलात लिहिते आहे.

आमच्याकडे एक मोठा एसी हॉल, वरच्या मजल्यावर दीडशे माणसांचा छोटा हॉल आणि मागे लॉन आहे. लग्नसराईत तारीख मिळत नाही. पण आषाढी एकादशीला देव झोपले की तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात. २०२४ साली हा काळ १७ जुलै ते १२ नोव्हेंबर असा होता. बारशी, डोहाळजेवणं, साठीशांती होतात, पण त्यावर कार्यालय चालत नाही. हे चार महिने आम्हाला कंपन्या तारतात. चाकण, भोसरी, तळेगावचे कारखाने आणि हिंजवडीच्या आयटी कंपन्या येतात ते डीलर मीट, ट्रेनिंग, दीर्घ सेवेचे सत्कार, कामगारांच्या मुलांचा गुणगौरव असले कार्यक्रम घेऊन.

सॉफ्टवेअर मात्र घेतलं होतं लग्नांसाठी. त्याआधी अण्णांची, म्हणजे आमच्या मालकांची, जाडजूड वही होती. सॉफ्टवेअरनं त्या वहीचीच नक्कल केली. यजमानाचं नाव, मोबाइल नंबर, वधू, वर, मुहूर्ताची वेळ, ताटं किती, अ‍ॅडव्हान्स किती. वधूच्या नावाचा रकाना भरल्याशिवाय पान पुढे सरकत नसे, म्हणून कंपनीचं बुकिंग असलं की डेस्कवरची मुलं तिथे नुसतं टिंब द्यायची. ग्राहकाची ओळख होती मोबाइल नंबर. नंबर टाकला की माणूस सापडायचा, माणूस सापडला की त्याची बुकिंगं.

लग्नाला ही रचना अगदी योग्य आहे. मुलीचे वडील तारीख बघतात, तेच मेनू ठरवतात, पावती त्यांच्याच नावाची आणि शेवटी हिशेब करायलाही तेच बसतात. कंपनीत हे सगळं चार माणसांत वाटलेलं असतं. फोन करते एचआरची मॅडम, कार्यक्रम असतो सेल्सचा, दर मंजूर करतो पर्चेस विभाग आणि पैसे सोडणारा माणूस बेंगळुरूत बसलेला असतो. त्यानं आमचं कार्यालय कधी पाहिलेलंही नसतं. यातला ‘यजमान’ कोण? आमच्या डेस्कनं सरळ फोन करणाऱ्याला यजमान केलं होतं.

ऑगस्टचं बिल

ही कंपनी बेंगळुरूची, कारखाना चाकणला. ऑगस्टमध्ये डीलर मीट झाली. बुकिंग केलं होतं सेल्सच्या एका साहेबांनी. आमच्या मुलानं त्यांच्याकडे जीएसटी नंबर मागितला, त्यांनी मुख्य कार्यालयाचं लेटरहेड पाठवलं. त्यावरचा नंबर आमच्याकडे चढला.

जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची, तेरावं अक्षर त्या राज्यात त्या पॅनवर कितवी नोंदणी आहे ते सांगतं, चौदावं बहुधा झेड आणि पंधरावं पडताळणीचं. लेटरहेडवरचा नंबर २९ने सुरू होत होता, म्हणजे कर्नाटक. आमचा २७, महाराष्ट्र. सॉफ्टवेअरला राज्यं वेगळी दिसली आणि त्यानं दीड लाखाच्या भाड्यावर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी, लावला, २७,००० रुपये.

बऱ्याचशा सेवांना हे चालून गेलं असतं. कार्यक्रमासाठी दिलेल्या जागेला चालत नाही. आयजीएसटी कायद्याच्या कलम १२(३)प्रमाणे लग्न, स्वागत समारंभ किंवा कार्यालयीन, व्यावसायिक कार्यक्रमासाठी दिलेली जागा आणि त्या जागेवर त्याच कार्यक्रमासाठी पुरवलेल्या सेवा, यांचं पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे ती वास्तू जिथे उभी आहे ते ठिकाण. हॉल पिंपरी-चिंचवडमध्ये असेल तर कर नऊ टक्के केंद्राचा आणि नऊ टक्के महाराष्ट्राचा, मग ग्राहक बेंगळुरूचा असो की गुवाहाटीचा. आता महाराष्ट्रात भरलेल्या या कराची वजावट, म्हणजे तो स्वतःच्या देय जीएसटीतून वळता करणं, कर्नाटकच्या नोंदणीला घेता येत नाही. म्हणून बिल चाकण कारखान्याच्या २७च्या नंबरवरच जायला हवं होतं. जेवणाचं बिल आमचा केटरर वेगळं देतो. जेवणावरच्या कराची वजावट कंपन्यांना सहसा मिळतच नाही, त्यामुळे त्याबद्दल कोणी बोललं नाही. सगळा जोर हॉलच्या बिलावर.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचंच. चाकणचा २७चा नंबर आमच्याकडे होता. सप्टेंबरमध्ये त्याच कंपनीच्या एचआर मॅडमनी छोट्या हॉलमध्ये ट्रेनिंग घेतलं होतं, तेव्हा त्यांनी तो न मागता दिला होता. तो त्यांच्या मोबाइल नंबरखाली, त्यांच्या नोंदीत पडून होता. ऑगस्टच्या बिलाची चूक सप्टेंबरमध्येच समोर आली असती. पण सेल्सचे साहेब आणि एचआर मॅडम एकाच कंपनीचे आहेत हे आमच्या सॉफ्टवेअरला कळायला काही वाटच नव्हती.

तिकडे आम्ही एक, इकडे ते तीन

६५,४००चं कोडंही याच वळणाचं निघालं. डिसेंबरमध्ये कंपनीच्या तिसऱ्या एका विभागानं लॉनवर कामगारांच्या कुटुंबांचा मेळावा घेतला. भाडं ८०,०००, त्यावर जीएसटी १४,४००. पैसे कमी आले तेव्हा डेस्कवरच्या मुलानं मला ठामपणे सांगितलं, “ताई, टीडीएस कापलाच कसा? यांचं भाडं तर लाखाच्याही आत आहे.”

टीडीएस म्हणजे पैसे देणाऱ्यानं आधीच कापून सरकारकडे भरायचा आयकर. त्या वर्षी जागेच्या भाड्यावर टीडीएसची मर्यादा वर्षाला २,४०,००० रुपये होती. (एप्रिल २०२५पासून ती महिन्याला ५०,००० झाली.) आमच्या नोंदींप्रमाणे तीन वेगळे ग्राहक होते: १,५०,०००, ६०,००० आणि ८०,०००. एकही मर्यादेच्या जवळपास नाही. कंपनीच्या दप्तरी मात्र आम्ही एकच. आमचा एक पॅन, एक व्हेंडर कोड. तिन्ही मिळून २,९०,०००. तिसऱ्या बिलाला मर्यादा ओलांडली गेली आणि त्यांनी सगळ्या भाड्यावर मिळून दहा टक्के, २९,०००, एकदम कापले. ९४,४०० वजा २९,०००. पैसा न पैसा बरोबर होता. आम्ही मात्र ‘चुकीची कपात’ म्हणून त्यांना मेल करायच्या बेतात होतो.

अण्णांना मी हे कागदावर मांडून दाखवलं. ते बराच वेळ त्या तीन आकड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे यांनी वर्षात तीन लाखांचं काम दिलं आणि आपण यांना एकदाही एक गिऱ्हाईक म्हणून धरलं नाही. दर तरी एक लावला का?” नव्हता लावला. सेल्सच्या साहेबांना सवलत मिळाली होती, एचआर मॅडमना नाही. डिसेंबरच्या तारखेचा गोंधळ मला तेव्हाच आठवला. त्यांच्या दोन विभागांनी लागोपाठच्या दोन शनिवारी लॉन धरून ठेवला होता, दोघांनाही कार्यक्रम एकच करायचा होता, आणि आम्ही त्यातल्या एका शनिवारसाठी आलेलं एक लग्न परत पाठवलं होतं.

गेलेल्या माणसाचा फोन

फेब्रुवारीत आणखी एक प्रसंग घडला. तो घडला नसता तर आम्ही बहुधा बिलं दुरुस्त करून थांबलो असतो. आमच्याकडे नेहमी येणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीचे एचआर मॅनेजर नोकरी बदलून त्याच धंद्यातल्या स्पर्धक कंपनीत गेले होते. त्यांनी नव्या कंपनीसाठी फोन केला. मुलानं नेहमीप्रमाणे मोबाइल नंबर टाकला. जुन्या कंपनीचं पान उघडलं, ‘मागील बुकिंगप्रमाणे कोटेशन’ हे बटण दाबलं गेलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ गेली. तिच्यात जुन्या कंपनीचं नाव, ठरलेला दर, मागच्या कार्यक्रमाची माणसं, मेनू आणि स्टेजच्या बॅनरवरचा मजकूरसुद्धा होता. कुठल्या नव्या मालाची माहिती डीलरना देणार आहेत, ते त्या मजकुरात स्पष्ट लिहिलेलं.

पाच मिनिटांत त्यांचाच फोन आला. “ताई, हे आमच्या जुन्या कंपनीचं आलंय. मी डिलीट करतोय, पण तुम्ही बघा जरा.” माणूस सज्जन होता म्हणून निभावलं. मी जुन्या कंपनीला कळवलं, झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पण त्या वर्षीचं ट्रेनिंग त्यांनी आमच्याकडे केलं नाही.

त्या रात्री कागद घेऊन मी तीन चौकटी काढल्या. एक कंपनी. दुसरी, बिल कुणाच्या नावानं आणि कुठल्या नंबरवर जातं ती. तिसरी माणूस. कंपनी जागची हलत नाही, बिलाचे नंबर एकाच कंपनीचे अनेक असतात, आणि माणूस येतो-जातो. बुकिंग या तिन्हींना जोडलेलं हवं, कुणा एकाच्या पोटात नको. हॉटेलांसाठीच्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये ही विभागणी पहिल्यापासून असते. आमच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीतही ‘कॉर्पोरेट खातं’ नावाची सोय आली होती. आम्ही ती कधी उघडूनच पाहिली नव्हती.

नोंदी निवडणं

सगळे ग्राहक एक्सेलमध्ये काढले. लग्नाचे बाजूला केले, वधूच्या रकान्यात टिंब असलेले उरले, म्हणजे त्या टिंबाचा तेवढा उपयोग झाला. मग जीएसटी नंबरच्या तिसऱ्या अक्षरापासून दहा अक्षरं वेगळ्या रकान्यात घेतली. तो झाला पॅन. त्या रकान्यावर यादी लावली आणि एकाच पॅनच्या ओळी एकाखाली एक येऊन बसल्या. बेंगळुरूच्या त्या कंपनीच्या सात. कुठे पूर्ण नाव, कुठे आद्याक्षरं, कुठे ‘प्रा. लि.’, कुठे ‘प्रायव्हेट लिमिटेड’, एका ठिकाणी फक्त ‘चाकण कंपनी सेल्स’. नावावरून शोधत बसले असते तर या सातांतल्या तीन मला कधीच सापडल्या नसत्या.

पॅनचं चौथं अक्षरही बोलतं. सी असेल तर कंपनी, एफ म्हणजे भागीदारी, पी म्हणजे एकट्याचा व्यवसाय. यादीत कंपनीच्या नावापुढे पी दिसला की समजायचं, कुणीतरी इव्हेंटवाल्याचा नंबर कंपनीच्या नावाखाली टाकला आहे. असे चार निघाले. मग प्रत्येक नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून कायदेशीर नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली, ते पाहिलं. कंटाळवाणं काम, पण दुसरा उपाय नाही. कंपनीचं नाव आता आम्ही पोर्टलवर आहे तसंच लिहितो, आणि डेस्कची मुलं ज्या नावानं ओळखतात ते शेजारी.

हिंजवडीच्या एका कंपनीनं मात्र थांबवलं. पॅन एक, राज्य एक, तरी २७ने सुरू होणारे नंबर दोन. मी एक चुकीचा समजून खोडणार होते. सीए साहेबांनी हात धरला. सेझमधल्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रातल्या, युनिटची नोंदणी वेगळी असते, आणि २०१८च्या एका परिपत्रकानं स्पष्ट केलंय की सेझ युनिटला त्याच्या मंजूर कामासाठी दिलेली बँक्वेट किंवा कॉन्फरन्सची सेवा आंतरराज्य पुरवठा धरायची. म्हणजे आमचा ‘हॉल जिथे, कर तिथला’ हा नियम तिथे लागू होत नाही. त्यांचं बिल वेगळ्या तऱ्हेनं करावं लागतं. म्हणून बिलाच्या प्रत्येक नंबरपुढे आता एक खूण आहे: साधा की सेझ.

एक चूक आमच्या हातून झालीच, तीही सांगते. दोन नोंदी एकत्र करण्याचं, ‘मर्ज’चं, बटण मिळाल्यावर मुलं उत्साहानं कामाला लागली. एकाच उद्योगसमूहाच्या दोन कंपन्या, नावं जवळजवळ सारखी, पॅन वेगळे. मर्ज झाल्या. एकीची थकबाकी दुसरीच्या नावावर बसली आणि आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मर्ज उलटवता येत नाही. आदल्या रात्रीचा बॅकअप होता, तो परत चढवला. एका दिवसाचं काम गेलं. तेव्हापासून नियम असा: पॅन एक असेल तरच मर्ज, समूह एक असेल तर नुसतं ‘संबंधित’ म्हणून जोडायचं. आणि मर्ज मी सोडून कुणी करायचं नाही.

अ‍ॅडव्हान्सच्या वेळचीही एक शिस्त बदलली. सेवेवरचा जीएसटी अ‍ॅडव्हान्स हातात पडतो तेव्हाच लागू होतो. म्हणून बिलाचा नंबर कार्यक्रम झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही. आता कंपनीचं बुकिंग पक्कं करताना डेस्क विचारतो, “बिल कुठल्या जीएसटी नंबरवर हवं? महाराष्ट्रातला नंबर आहे का?” समोरच्या माणसाला बहुतेकदा माहीत नसतं. मग त्याच्याकडून अकाउंट्सच्या माणसाचा मेल घ्यायचा आणि त्यांनाच विचारायचं. पीओचा, म्हणजे त्यांच्या खरेदी-आदेशाचा, नंबरही तेव्हाच. कंपनीच्या पानावर टॅन, म्हणजे टीडीएस कापणाऱ्याचा नंबर, तोही ठेवतो; मग कापलेला टीडीएस आयकर खात्याच्या २६एएस या विवरणात दिसला की कुणाचा ते लगेच लागतं. सूक्ष्म-लघु उद्योगांना मिळणारं आमचं उद्यम प्रमाणपत्र त्यांच्या व्हेंडर डेस्कला कधी पाठवलं ती तारीखही तिथेच. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे कायद्यातल्या मुदतीत, म्हणजे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत, दिले नाहीत आणि वर्ष संपेपर्यंतही ते थकलेलेच राहिले, तर त्या वर्षी तो खर्च कंपनीला करपात्र उत्पन्नातून वजा मिळत नाही. प्रमाणपत्र त्यांच्याकडे पोचलेलं असलं की आठवण करून देणं सोपं जातं.

ऑगस्टचं प्रकरण फेब्रुवारीत निस्तरायला घेतलं. २०२४-२५च्या बिलाला क्रेडिट नोट दाखवायची मुदत ३० नोव्हेंबर २०२५पर्यंत होती, त्यामुळे वेळ होता. बेंगळुरूच्या नंबरवर क्रेडिट नोट, म्हणजे जुन्या बिलाची रक्कम वळती करणारा कागद, आणि चाकणच्या नंबरवर नवीन बिल. आमचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, मार्चच्या ११ तारखेच्या आत गेलं, १४ला त्यांच्या २बीमध्ये, म्हणजे वजावटीच्या विवरणात, नवीन बिल दिसलं आणि महिनाअखेर २७,००० जमा झाले.

एक प्रश्न मात्र मिटलेला नाही. इव्हेंट कंपनी हॉल घेते, बिल तिच्या नावाचं, पाहुणे दुसऱ्याच कंपनीचे. ही नोंद कुणाच्या पानावर? आम्ही ती इव्हेंट कंपनीच्या पानावर ठेवतो आणि ‘कार्यक्रम कुणासाठी’ असा रकाना भरतो. डेस्कवरच्या मुलाला वाटतं, पुढच्या वर्षी त्या कंपनीला आपणच थेट फोन करावा, मधला माणूस वाचेल. मी नाही म्हटलं. ज्यानं आपल्याकडे काम आणलं त्याचं गिऱ्हाईक त्याच्याच कागदावरून उचलणं मला पटत नाही. कंपनी आपणहून आली तर गोष्ट वेगळी, आणि एक आलीही. तेव्हा दर कुठला लावायचा, इव्हेंटवाल्याला दिलेला की त्याहून चढा, यावर अण्णांचं आणि माझं अजून एकमत नाही.

माणसांच्या नोंदींना आता ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखा आहेत. माणूस कंपनी सोडून गेला की ‘पर्यंत’ भरायची, आणि त्याच्या नंबरवरून कोटेशन निघणं बंद. तो नव्या कंपनीतून आला तर नव्या कंपनीखाली नवीन नोंद, जुनं काही सोबत येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये लोकांचे वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, काहींचे घरचे पत्तेही होते, दिवाळीची मिठाई पाठवायला म्हणून घेतलेले. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाला. ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं की ती जपून ठेवायचं कारण उरत नाही, हा त्यातला विचार मला पटतो. कंपनी सोडून गेलेल्यांचे खासगी नंबर आणि पत्ते आम्ही पुसून टाकायचं ठरवलं.

पुसण्याआधी मी ती यादी अण्णांना दाखवली. बावीस नावं होती. त्यांनी चष्मा लावून ती सावकाश वाचली, खिशातली छोटी डायरी काढली आणि त्यातली पाच नावं नंबरांसकट पेनानं उतरवून घेतली. “हे माझे मित्र आहेत,” म्हणाले. “यांचा कंपनीशी संबंध नाही. बाकीचे पूस.”